चेहऱ्यावर दाखवायचं नाही, पण मग लक्षात काय राहतं?

आपल्याकडे भावना आवरणं म्हणजे काय, तर चेहऱ्यावर येऊ न देणं. राग आला तर गिळायचा, चार लोकांत रडायचं नाही, भीती वाटली तरी दाखवायची नाही, आणि ज्याला हे जमतं त्याला आपण खंबीर म्हणतो. याबद्दल मला वाईट काही बोलायचं नाहीये, कितीतरी बायकांनी आणि पुरुषांनी अख्खी घरं याच जोरावर सांभाळलीत. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आलीये, की चेहरा सरळ ठेवायला जी मेहनत लागते ती फुकट होत नाही, तेवढ्या वेळात समोर जे घडत असतं, जे बोललं जात असतं ते डोक्यात नीट शिरतच नाही. आणि भावना आवरायचाच दुसरा एक मार्ग आहे ज्यात हे नुकसान होत नाही, तो आपल्याला कोणी फारसा शिकवत नाही. हे सगळं प्रयोगांतून कसं कळलं आणि घरात, परीक्षेत, दवाखान्यात त्याचा काय उपयोग होतो, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत जेम्स ग्रॉस नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, माणूस स्वतःच्या भावना कशा सांभाळतो हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी आणि जेन रिचर्ड्स यांनी १९९९ आणि २००० मध्ये काही प्रयोग छापले. लोकांना जखमी माणसांच्या स्लाइड्स दाखवल्या, बघवणार नाहीत अशा, आणि प्रत्येक स्लाइडसोबत त्या माणसाचं नाव, तो काय काम करायचा आणि त्याला इजा कशी झाली हे ऐकवलं. काही जणांना सांगितलं की नुसतं बघा. काही जणांना सांगितलं की आत काहीही वाटू दे, चेहऱ्यावर दिसता कामा नये, तुमच्याकडे बघणाऱ्याला कळलंच नाही पाहिजे की तुम्हाला काही होतंय. नंतर सगळ्यांची परीक्षा घेतली, तर चेहरा दाबून बसलेल्यांना ऐकवलेली माहिती कमी आठवली. स्लाइड त्याच, वेळ तेवढाच, फक्त चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही एवढं एकच काम जास्त.

२००० च्या पेपरमध्ये त्यांनी अजून एक गट घेतला, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट या गटाने शिकवली. यांना चेहऱ्याबद्दल काहीच सांगितलं नाही. यांना सांगितलं की या स्लाइड्स एखाद्या डॉक्टरच्या नजरेने बघा, तटस्थपणे. म्हणजे दृश्य तेच पण त्याच्याकडे बघायची पद्धत बदला. या लोकांच्या स्मरणात घट झाली नाही. दोन्ही गट भावना आवरत होते, एकाचं लक्षात राहणं कमी झालं, दुसऱ्याचं नाही.

पहिल्या प्रकाराला सप्रेशन म्हणतात, आपण दाबणं म्हणू. दुसऱ्याला रीअप्रेझल, म्हणजे जे घडतंय त्याचा अर्थ स्वतःशी वेगळा लावणं. बॉस सगळ्यांसमोर ओरडला, तुम्ही दगडासारखा चेहरा करून ऐकत राहिलात, हे दाबणं. बॉस ओरडला आणि तुम्ही मनात म्हणालात की याला वरून झापलंय, हा माझ्यावर नाही, त्या डेडलाइनवर ओरडतोय, तर हा अर्थ बदलणं. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच शांत दिसतील पण आत अगदी वेगळं चाललेलं असतं.

दाबताना आठवण का बिघडते याचं उत्तर लक्ष या एका गोष्टीत आहे. गॅसवर दूध ठेवून कोणाशी फोनवर बोलताना बघा, सारखी एक नजर पातेल्याकडे जाते, फोन ठेवल्यावर समोरचा नक्की काय म्हणाला ते अर्धवटच आठवतं. चेहरा दाबतानाही तसंच, माणूस स्वतःवरच पहारा ठेवून असतो, ओठ थरथरतोय का, डोळ्यात पाणी आलं का, आवाज बदलला का, आणि हे एकदा बघून भागत नाही, प्रसंग संपेपर्यंत दर क्षणी बघत राहावं लागतं. डोक्यात एका वेळी थोडीच माहिती हातात धरून ठेवता येते, तिला वर्किंग मेमरी म्हणतात, त्यातली बरीच जागा हा पहारा खातो. मग समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, पण ते आधीच्या माहितीशी जोडून पक्कं करायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणजे लक्षात ठेवून मग विसरलं असं झालेलं नसतं, ते नीट नोंदवलंच गेलेलं नसतं. २००६ मध्ये याच दोघांनी दाखवलं की भावना दाबल्यामुळे आठवणीचं जेवढं नुकसान होतं ते जवळजवळ मुद्दाम लक्ष दुसरीकडे नेल्यावर होतं तेवढंच असतं.

बरं, एवढं करून आतली भावना तरी कमी होते का? नाही होत, आणि हे मला खरंच सगळ्यांना सांगावंसं वाटतं. ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये जे तपासलं त्यात असं दिसलं की वाईट भावना चेहऱ्यावर दाखवली नाही तरी आत ती तेवढीच वाटत राहते, आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात वगैरे. चांगली भावना दाबली तर मात्र तिची मजा कमी होते. म्हणजे दुःख तेवढंच, आनंद कमी, वर लक्षातही राहत नाही.

मेंदूचे फोटो काढून केलेला २००८ चा एक अभ्यास आहे, फिलिप गोल्डिन आणि ग्रॉस वगैरेंचा. १७ बायकांना किळस येईल अशा १५ सेकंदांच्या क्लिप्स दाखवल्या, कधी अर्थ बदलायला सांगितलं, कधी चेहरा दाबायला. अर्थ बदलताना कपाळामागचा, विचार करणारा भाग पहिल्या चार-साडेचार सेकंदांतच कामाला लागला आणि ॲमिग्डला, म्हणजे मेंदूतला बदामाएवढा भाग जो धोका आणि तीव्र भावना पकडतो, तो शांत होत गेला. चेहरा दाबताना हाच पुढचा भाग उशिरा, क्लिपच्या शेवटच्या टप्प्यात कामाला लागला, आणि ॲमिग्डलाची खळबळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली. ग्रॉसचं म्हणणं आधीपासून हेच होतं की भावना काही एकदम उभी राहत नाही, ती टप्प्याटप्प्याने चढते, सुरुवातीला अर्थ बदलला तर पुढचं सगळं हलकं होतं, आणि पूर्ण चढल्यावर झाकायला गेलात तर शेवटपर्यंत झाकतच बसावं लागतं.

आता घरातलं बघू, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि कोणाला कळतही नाही. रिचर्ड्स, एमिली बटलर आणि ग्रॉस यांनी २००३ मध्ये जोडप्यांवर अभ्यास केला. त्यांना त्यांच्यातल्याच एखाद्या भांडणाच्या विषयावर बोलायला बसवलं, काहींना सांगितलं की तुम्हाला काय वाटतंय ते अजिबात दिसू देऊ नका. नंतर विचारलं की काय काय बोलणं झालं. ज्यांनी भावना दाबल्या त्यांना प्रत्यक्ष बोलणं कमी आठवलं, पण त्या वेळी स्वतःला काय वाटत होतं ते मात्र जास्त आठवलं.

हे वाचून जरा थांबा आणि आपल्या आजूबाजूचे नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-भाऊ आठवा. "तू असं म्हणालास", "मी असं म्हणालोच नाही", "मला एवढंच माहितीये की मला किती लागलं होतं ते". दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटतं, पण खोटं कोणीच बोलत नसतं. जी व्यक्ती तासभर शांत चेहरा करून बसली होती तिच्याकडे शब्दांची नोंद कमी आणि दुखल्याची नोंद भरपूर, आणि पुढच्या भांडणात ती त्याच दुखल्याच्या जोरावर बोलणार, शब्द मागितले तर देऊ शकणार नाही. ज्या घरात एकाच माणसावर सतत गप्प राहायची सक्ती असते, आणि ते माणूस कोण असतं ते आपल्याला माहितीये, तिथे वर्षानुवर्षांचा हिशोब असाच साठत जातो. मग बाकीचे म्हणतात की हिला काही नीट सांगता येत नाही, उगाच जुनं उकरून काढते. मला वाटतं तिला नीट सांगता यावं असं वातावरण आधी द्यायला हवं होतं. जमिनीचं, पैशाचं, आईवडिलांच्या आजारपणाचं असं महत्त्वाचं बोलायचं असेल तर "आवाज चढवू नको, रडू नको" ही अट घालून बसवू नका, रडत रडत बोललेलं चालेल, आणि काय ठरलं ते शेवटी कागदावर लिहा.

इथे एक गैरसमज होऊ शकतो की भावना म्हणजेच आठवणीची शत्रू. तसं मुळीच नाही. आपल्याला आयुष्यभर जे आठवतं ते बहुतेक भावनेमुळेच आठवतं. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अर्वाइनमधले जेम्स मॅकगॉ आणि लॅरी केहिल यांचा १९९४ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. लोकांना चित्रांची एक गोष्ट दाखवली, एक मुलगा आईबरोबर वडिलांना भेटायला निघालाय, मध्ये त्याला भयंकर अपघात होतो, मग हॉस्पिटल. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली, हे बीपीचं जुनं औषध आहे, ॲड्रेनलिनसारख्या ताणाच्या हार्मोन्सचा परिणाम ते अडवतं. आठवड्याने विचारलं तर ज्यांना साधी खोटी गोळी दिली होती त्यांना अपघाताचा भाग बाकीच्या गोष्टीपेक्षा जास्त चांगला आठवत होता, औषध घेतलेल्यांना हा जादाचा फायदा मिळाला नाही, साधा भाग मात्र दोघांना सारखाच आठवला. म्हणजे भावना चढली की ॲड्रेनलिन वाढतं, ॲमिग्डला जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, जिथे आठवणी पक्क्या व्हायला सुरुवात होते, सांगतो की हे नीट ठेव.

पण तीव्र भावनेत आठवण खोल होते तशी अरुंदही होते. १९८७ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी स्लाइड्समध्ये एका रेस्टॉरंटमधला ग्राहक दाखवला, काहींना तो कॅशिअरला चेक देताना दिसला तर काहींना पिस्तूल रोखताना. पिस्तूलवाल्या गटाची नजर पिस्तुलावर जास्त खिळली आणि त्यांना तो माणूस ओळखणं जास्त अवघड गेलं. कुठल्याही तीव्र प्रसंगात हे होतं, मधली एक गोष्ट लख्ख आठवते आणि कडेचं सगळं पुसट. म्हणून मला वाटतं भावना शून्यावर आणायच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ती एवढी उतरली पाहिजे की नजर त्या एका गोष्टीवरून हलेल. अर्थ बदलण्यात हेच होतं, शिवाय अर्थ बदलायला प्रसंगाकडे नीट बघावंच लागतं, त्याच्याबद्दल विचार करावा लागतो, आणि ज्याच्याबद्दल आपण विचार करतो ते पक्कं बसतं. काही अभ्यासांत तर अर्थ बदलणाऱ्यांना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा जास्त आठवलंय, २०१० मधला हेज वगैरेंचा मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास त्यातला एक.

आता परीक्षा, कारण दहावी-बारावीची मुलं घरात असली की हा प्रश्न येतोच, की सगळं पाठ होतं आणि पेपर हातात आला आणि डोकं रिकामं. यात मुलाची तयारी कमी होती असं दरवेळी नसतं. ताण आला की ॲड्रेनलिनच्या मागून कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, ते साधारण वीस-तीस मिनिटांनी सगळ्यात वर जातं, आणि त्याची गंमत अशी की शिकल्यानंतर लगेच थोडा ताण आला तर तो आठवण पक्की करायला मदतही करतो पण साठवलेलं बाहेर काढायच्या वेळी ते जास्त असेल तर अडवतं. डॉमिनिक द क्वेर्व्हें यांनी २००० मध्ये लोकांना शब्दांची यादी शिकवून दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या तासभर आधी २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन दिलं तर शब्द आठवणं कमी झालं. शब्द डोक्यात होतेच, बाहेर येत नव्हते. त्यामुळे परीक्षेहून आलेला मुलगा जिना चढता चढता म्हणतो ना की आई, आत्ता आठवतंय सगळं, ते खरं असू शकतं, त्याला त्यावरून बोलू नका.

अशा मुलाला आपण काय सांगतो? "घाबरू नकोस." हे म्हणजे परत दाबायलाच सांगणं झालं, आता बिचाऱ्याला पेपरही सोडवायचाय आणि न घाबरल्यासारखंही राहायचंय. जेरेमी जेमिसन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलांना सराव परीक्षेआधी एवढंच वाचायला दिलं की परीक्षेआधी धडधडणं वाईट नसतं, उलट त्याने परीक्षा चांगली जाऊ शकते. त्यांचे गणिताचे मार्क इतरांपेक्षा चांगले आले, आणि पुढे खऱ्या परीक्षेतही आले. अर्थ बदलणं म्हणतात ते हेच, धडधड तीच, पण मी आता फेल होणारच्या ऐवजी शरीर तयार होतंय. आणि शिकागोत जेरार्डो रॅमिरेझ आणि सियन बायलॉक यांनी २०११ मध्ये नववीच्या मुलांना जीवशास्त्राच्या पेपरआधी १० मिनिटं आपल्या भीतीबद्दल मोकळेपणाने लिहायला लावलं, तर जी मुलं एरवी परीक्षेला खूप घाबरायची त्यांना याचा चांगला फायदा झाला. बोर्डाच्या पेपराला सेंटरच्या बाहेर झाडाखाली उभं राहून वहीच्या मागच्या पानावर दहा मिनिटं हे करता येतं, खर्च काहीच नाही, आणि त्या वेळात मैत्रिणींच्या घोळक्यात "तुझं हे झालं का, ते झालं का" ऐकण्यापेक्षा नक्की बरं.

अभ्यासाची पद्धतही इथे महत्त्वाची ठरते. २०१६ मध्ये टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १२० जणांना शब्द आणि चित्रं शिकवली, निम्म्यांनी परत परत वाचून आणि निम्म्यांनी पुस्तक मिटून स्वतःला आठवायला लावून. नंतर काहींना लोकांसमोर भाषण वगैरे करायला लावून ताण दिला. वाचून शिकलेल्यांची आठवण ताणाने घसरली, मिटून आठवलेल्यांची नाही घसरली. म्हणजे मुलाची भीती घालवता नाही आली तरी त्याचा धडा भीतीत टिकेल असा तयार करता येतो. संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि पुस्तक तुमच्या हातात ठेवून त्याला नुसतं सांगायला लावा, तुम्हाला तो विषय कळत नसला तरी चालतं.

पण अर्थ बदलणं म्हणजे प्रत्येक गोष्टीत चांगलं बघा असा सल्ला नाही, हे मी ठासून सांगेन. कोणी मारहाण करतंय, पैशाने पिळतंय, रोज अपमान करतंय, तिथे "त्याच्याही मनावर ताण असेल" असा अर्थ लावत बसणं धोक्याचं आहे, तिथला राग बरोबर असतो आणि तो प्रसंग तारखेसकट लिहून ठेवलेला बरा. फार मोठा आघात झाला असेल, तो प्रसंग झोपेत, जागेपणी सारखा परत दिसत असेल, तर ते एकट्याने अर्थ बदलून निस्तरायचं काम नाही, प्रशिक्षित माणसाची मदत लागते. आणि दाबणं कधीच करू नये असंही नाही, भर मीटिंगमध्ये रडू आलं तर माणूस दाबणारच. ज्यांची नोकरीच चेहऱ्यावर चालते, नर्स, कॉल सेंटरवाले, बँकेच्या काउंटरवरची माणसं, त्यांना तर दिवसभर दुसरा पर्यायच नसतो. अशा वेळी निदान स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहू नये, बाहेर आल्या आल्या दोन ओळी लिहाव्यात, आणि घरी आल्यावर "सकाळचं कसं आठवत नाही तुला" म्हणून कोणी टोकलं तर त्याला हे समजावून सांगावं.

हे सगळं जिथे सगळ्यात जास्त महत्त्वाचं ठरतं ती जागा म्हणजे डॉक्टरची केबिन. रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र मांडले होते, त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेचच विसरतात असं आहे. आता त्यात वाईट रिपोर्टची भर घाला, आणि शेजारी वडील बसलेत म्हणून मुलगा चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नाहीये. डॉक्टर आधी निदान सांगतात आणि मग पुढची दहा मिनिटं उपचार, गोळ्या, तारखा, पथ्य सांगत राहतात, आणि कामाची सगळी माहिती नेमकी त्या धक्क्यानंतर येते, जेव्हा लक्ष त्या एका शब्दावर अडकलेलं असतं आणि उरलेलं चेहरा सांभाळण्यात गेलेलं असतं. बाहेर आल्यावर आई विचारते "काय म्हणाले?" आणि मुलाला काही सांगता येत नाही, मग घरचे त्याच्यावर चिडतात की एवढा शिकलेला आणि एवढं ऐकता आलं नाही.

त्यामुळे असा रिपोर्ट असेल तेव्हा दोघं-तिघं जा, आणि जो मनाने जरा लांबचा आहे, जावई, मेव्हणा, शेजारचा मित्र, त्याच्याकडे वही द्या, कारण त्याला चेहरा सांभाळायचा नसतो. निदान ऐकल्यावर डॉक्टरांना सरळ म्हणा की दोन मिनिटं द्या, आणि त्या दोन मिनिटांत रडू आलं तर रडा, पाणी प्या, मग पुढचं ऐका. उठायच्या आधी आपल्याला काय समजलं ते आपल्याच शब्दांत डॉक्टरांना परत सांगा, चुकत असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील. गोळ्यांच्या वेळा चिठ्ठीवर मराठीत लिहून मागा. डॉक्टरांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग करता आलं तर तेही करा आणि ते घरी गेल्यावर लगेच नाही, रात्री सगळे जेवून जरा सावरल्यावर एकत्र बसून ऐका.